उरलेले, शिळे, उष्टे

सन २०२३ च्या पावसाळ्यात माझ्या पत्नीच्या गुडघ्यावर शस्त्रक्रिया झाली आणि सहा आठवडे स्वयंपाकघर माझ्या हाती आले. आम्ही पुष्कळ वर्षांपासून बंगळुरात राहतो. येथे मराठी उपासनेला जमणारी मंडळी मोजकीच, परंतु एकमेकांच्या अडीअडचणीला धावून जाणारी. पत्नी घरी आली त्या दिवसापासून डबे येऊ लागले. कोणी आमटी-भात आणला, कोणी मटणाचा रस्सा, कोणी वालाची उसळ. एका गोवेकर कुटुंबाने सोरपोतेलची बरणी पाठविली. बायबलच्या भाषांतराच्या मेजावर आयुष्य घालविलेल्या मला या कामात काहीच गती नव्हती. डबा आला की तो फ्रिजमध्ये ठेवावयाचा, दार लावावयाचे आणि देवाचे आभार मानावयाचे, एवढेच मी जाणत होतो. ('शीतकपाट' हा शब्द कोशात शोभतो, स्वयंपाकघरात तो उच्चारण्याचे धैर्य भाषांतरकारालाही होत नाही.)

दुसऱ्या आठवड्याच्या अखेरीस एका संध्याकाळी फ्रिज उघडला, तेव्हा आत हात घालावयास जागा नव्हती. मागच्या कोपऱ्यात पुलावाचा एक डबा सापडला. तो कोणी दिला आणि कधी दिला, हे आठवेना. वास घेऊन पाहिला. वाईट वाटला नाही. त्याच वेळी भांडी घासावयास येणाऱ्या बाई घरी जाण्यास निघाल्या होत्या. मी तो पुलाव एका पिशवीत घालून त्यांच्यापुढे केला. त्यांनी पिशवी हाती घेतली आणि कानडीत विचारले, "अण्णा, हे आजचे आहे का?" मी म्हणालो, "चांगले आहे." प्रश्न दिवसाचा होता, उत्तर मी चवीचे दिले. थोड्या वेळाने गॅलरीत उभा असताना पाहिले, तर गल्लीच्या टोकाशी वाकून त्या पुलाव कुत्र्यांपुढे ओतीत होत्या. मग पिशवीची घडी करून ती कमरेला खोचून त्या चालत्या झाल्या.

प्रथम मला राग आला, हे कबूल केले पाहिजे. अन्नाचा अपमान, असे काहीतरी मनात आले. तो राग फार वेळ टिकला नाही, कारण त्याच्या पाठोपाठ मला माझी आजी आठवली.

आजी नगर जिल्ह्यातली. आमचे घराणे गावकुसाबाहेरचे. मिशनच्या शाळेच्या वाटेने ते ख्रिस्ताकडे आले. लहानपणी आजीने गावकीच्या कामाच्या मोबदल्यात दारोदारची भाकर पदरात घेतली होती. ती भाकर वरून टाकली जाई, हाताला हात लागू नये म्हणून. ती आजची, कालची की परवाची, हे विचारण्याची सोय नव्हती. विचारणारी उर्मट ठरली असती. १९२७ च्या मार्चमध्ये महाडच्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या लोकांना टाकलेले तुकडे खाणे सोडा, असे बजावले होते. आजीला वाचता येत नव्हते, पण ते भाषण जणू तिच्या अंगात भिनलेले होते. म्हातारपणी घरात दोनच भाकरी असल्या तरी शिळी ती ताटात घेत नसे, आणि आम्ही नातवंडे 'आजीबाई साहेबीण झाल्या' म्हणून तिला चिडवीत असू. आता त्याच आजीचा नातू, धर्मशास्त्राची पदवी घेतलेला, एका कष्टकरी स्त्रीने विचारलेल्या 'आजचे आहे का' या प्रश्नाला बगल देऊन दाराआड गेला होता.

या घटनेपासून एक प्रश्न मला सोडीत नाही. अन्न वाया घालवू नये, हे आपल्याला लहानपणापासून शिकविलेले असते. परंतु अन्न वाया जाणे म्हणजे नेमके काय? तो पुलाव कोणत्या क्षणी वाया गेला? कुत्र्यांपुढे ओतला गेला तेव्हा, की त्याआधी कधीतरी, माझ्या फ्रिजच्या मागच्या कोपऱ्यात?

आपल्या भाषेने या बाबतीत मोठी बारकाई दाखविलेली आहे. पंगत उठल्यावर पातेल्यात राहते ते उरलेले. रात्र ओलांडलेले ते शिळे. ताटात राहिले, तोंड लागले, ते उष्टे. भांड्याला चिकटलेले ते खरकटे. लोणचे मात्र शिळे होत नाही, ते मुरते. आणि आमच्या गोवेकर बंधूंनी मला समजावून सांगितले की व्हिनेगरमुळे सोरपोतेलही तिसऱ्या-चौथ्या दिवशी मुरते, पहिल्याच दिवशी संपविणारा अडाणी. या शब्दांमध्ये नुसता पाकशास्त्राचा भेद नाही. कोणी कोणाला काय द्यावे आणि कोणी काय घ्यावे लागावे, याचा अख्खा सामाजिक इतिहास त्यांत साठलेला आहे.

भाषांतर करताना या शब्दांशी माझी गाठ एकदा चांगलीच पडली होती. योहानकृत शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात पाच हजार लोक जेवून तृप्त झाल्यावर प्रभू येशू शिष्यांना उरलेले तुकडे गोळा करावयास सांगतो. मसुदा तयार झाला की आम्ही तो खेड्यातल्या श्रोत्यांना वाचून दाखवितो आणि त्यांना काय समजले ते विचारतो. तेथे एका वृद्ध गृहस्थांनी थोड्या संकोचाने विचारले, "म्हणजे शिष्यांनी लोकांचे उष्टे गोळा केले का?" प्रश्न रास्त होता. मूळ ग्रीक शब्द 'क्लास्माता' असा आहे. 'क्लाओ' म्हणजे मोडणे, या क्रियापदापासून तो झाला. प्रभूने भाकरी मोडल्या, त्या मोडलेल्या भाकरींचे हे तुकडे. त्याच्या हातून सर्वांसाठी निघालेले आणि सर्वांचे पोट भरूनही उरलेले. त्या जवाच्या भाकरी होत्या, म्हणजे गरिबांच्या. तरीही त्यांचे तुकडे बारा टोपल्यांत जपून भरले गेले.

त्याच वाक्यातले क्रियापद अधिक विचार करावयास लावते. काही वाया जाऊ नये, असे आपण मराठीत म्हणतो, तेथे ग्रीकमध्ये 'आपोलेताइ' हे रूप आहे. हेच रूप, अक्षरही न बदलता, तिसऱ्या अध्यायाच्या सोळाव्या वचनात आहे. विश्वास ठेवणाऱ्याचा नाश होऊ नये म्हणून देवाने आपला पुत्र दिला, ते वचन. लूकच्या पंधराव्या अध्यायात हरवलेले मेंढरू, हरवलेले नाणे आणि हरवलेला मुलगा यांच्यासाठीही हेच क्रियापद येते. भाषांतरकाराची येथे पंचाईत होते. भाकरीचा 'नाश' झाला म्हटले तर वाचक हसेल आणि जग 'फुकट जाऊ नये' म्हटले तर रागावेल. म्हणून आम्ही ठिकठिकाणी निरनिराळे शब्द योजतो आणि त्या सर्वांमधला धागा तुटतो. गंमत अशी की आपल्या बोलीत तो धागा शाबूत आहे. आपल्याकडे अन्न वाया जाते आणि मुलगाही वाया जातो.

पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती सदनात बसून मूळ भाषांवरून मराठी बायबल सिद्ध केले. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून त्यांनी शेकडो मुलींना केडगावी आणले होते. अशा मुलींच्या पंगती रोज पाहणाऱ्या त्या विदुषीची लेखणी या वचनापाशी आली असेल, तेव्हा तिला हे क्रियापद समजावून घेण्यासाठी कोशाची गरज पडली नसावी असे मला वाटते. त्यांचे भाषांतर त्यांच्या मृत्यूनंतर, १९२४ साली, प्रसिद्ध झाले.

आता कोणी म्हणेल, आणि माझ्या एका पाळक मित्राने म्हटलेही, की हा सारा भावनेचा खेळ आहे. तुझ्या फ्रिजमधला पुलाव वाचला असता म्हणून दूरच्या कोणा भुकेल्याच्या ताटात तो पडणार नव्हता. वाया घालविणे ही फार तर उधळपट्टी, पाप कसे? हा आक्षेप सहज उडवून लावण्यासारखा नाही. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात जगात सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेले आणि त्यातील ६० टक्के घराघरांतून गेले. उपाहारगृहे आणि दुकाने यांचा वाटा त्याहून कमी. हे आकडे ऐकून मान हलविणे सोपे आहे, पण एवढ्याने माझ्या मित्राला उत्तर मिळत नाही. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी ५ जून २०१३ रोजी, पर्यावरणदिनी, टाकलेले अन्न म्हणजे गरिबाच्या ताटातून चोरलेले अन्न, अशा अर्थाचे उद्गार काढले होते. प्रॉटेस्टंट असूनही मी ते मान्य करतो. तथापि चोरी म्हटली की कोणाची, हे विचारावे लागते.

माझ्यापुरते उत्तर मला गल्लीच्या टोकाशी मिळाले. दूरच्या भुकेल्याचे सोडून द्या. ज्या दिवशी तो पुलाव आला त्याच संध्याकाळी, तो गरम असताना, मी त्यातला अर्धा त्या बाईंना दिला असता तर त्यांनी तो घरी नेऊन मुलांना वाढला असता. चार दिवस मी त्याला धरून ठेवले. या चार दिवसांत पुलावाने आपले सारे आयुष्य माझ्या घरात घालविले आणि त्याचे म्हातारपण मी त्यांना देऊ केले. दिवस माझे, शेवट त्यांचा. मी चोरला असेल तर तांदूळ चोरला नाही, त्याचे दिवस चोरले.

फ्रिज येण्यापूर्वी हे शक्य नव्हते. आमच्या मिशन कंपाउंडमधल्या घरात जाळीचे कपाट होते. दुधाचे पातेले थंड पाण्याच्या परातीत उभे असे. रात्री भाजी उरली तर आईला त्याच रात्री ठरवावे लागे. शेजारी द्यावयाची, दारावर आलेल्याला वाढावयाची, की सकाळी भाताला फोडणी देऊन आणि भाकरीचा कुस्करा करून मुलांच्या पोटात घालावयाची. १९७२ च्या दुष्काळात सुकडी खाऊन दिवस काढलेल्या घरात टाकून देण्याचा विचारच येत नसे. फ्रिजने ही रात्रीची निकड काढून घेतली. 'उद्या पाहू' असे म्हणण्याची मुभा त्याने आपल्याला दिली आणि आपण ती चार-चार दिवस वापरू लागलो. जुन्या काळाचे गोडवे मला गावयाचे नाहीत. आजीच्या पदरातली भाकर जुन्याच काळातली होती. शिवाय त्या निकडीचा भार घरात कोणी उचलला, हेही पाहिले पाहिजे. पत्नी अंथरुणावर होती तेव्हा एके दिवशी मी तिला विचारले, "कालच्या पोळ्या उरल्या आहेत, त्यांचे काय करतेस?" ती म्हणाली, "मी खाते." मी विचारले, "नेहमी?" ती हसली. लग्नाला एकोणतीस वर्षे झाली होती, आणि आमच्या घरात काही वाया जात नाही याचा मला अभिमान होता.

पवित्र शास्त्र साठविण्याविषयी काय सांगते, ते मी या दृष्टीने पुन्हा वाचले. निर्गमाच्या सोळाव्या अध्यायात सकाळपर्यंत ठेवलेल्या मान्न्यात किडे पडले, ही गोष्ट आपण रविवारच्या शाळेत शिकतो आणि साठविणे म्हणजे अविश्वास, असा धडा काढून मोकळे होतो. परंतु त्याच अध्यायात सहाव्या दिवशी दुप्पट गोळा करून, शिजवून, दुसऱ्या दिवसासाठी ठेवण्याची आज्ञा आहे आणि तो ठेवलेला मान्ना नासत नाही. अन्न तेच, भांडे तेच, रात्रही तेवढीच लांब. भेद हेतूचा आहे. एका रात्री भीतीपोटी ठेवले, दुसऱ्या रात्री शब्बाथाच्या विसाव्यासाठी, घरातल्या सर्वांसाठी ठेवले. मिसरात योसेफानेही कोठारे भरली आणि देशोदेशीचे लोक त्यांतून जगले. लूकच्या बाराव्या अध्यायातला श्रीमंत शेतकरी मूर्ख ठरतो तो कोठारे बांधली म्हणून नव्हे. त्याचे स्वगत मूळ ग्रीकमध्ये वाचले तर 'माझे' हा शब्द कानाला टोचू लागतो: माझे पीक, माझी कोठारे, माझे धान्य, माझा जीव. त्याच्या तोंडी दुसरा माणूसच नाही. चौथ्या शतकात कैसरियाचा बिशप बासिल याने याच दाखल्यावर प्रवचन केले आणि तुझ्याकडे पडून राहिलेली भाकर भुकेल्याची आहे, असे श्रीमंतांना तोंडावर सांगितले.

मात्र मला सर्वांत उपयोगी पडला तो लेवीयाचा सातवा अध्याय. तो आपण सहसा वाचीत नाही. उपकारस्तुतीच्या शांत्यर्पणाचे मांस त्याच दिवशी खाऊन संपविले पाहिजे, सकाळपर्यंत काही ठेवू नये. नवसाचे असेल तर दुसऱ्या दिवशीही चालेल. तिसऱ्या दिवशी मात्र जे उरेल ते जाळून टाकावे. अन्नावर तारीख घालणारा इतका स्पष्ट नियम माझ्या माहितीत दुसरा प्राचीन नाही. एका कुटुंबाला अख्खे जनावर एका दिवसात खाणे कसे शक्य व्हावे? शक्य नाहीच. म्हणून आभार मानणाऱ्याला शेजारीपाजारी, दासदासी, लेवी यांना बोलावणे भाग पडे. मुदत आखूड केली की पंगत आपोआप लांब होते. आणि ज्यांना फ्रिज परवडतो त्यांच्यासाठी ही मुदत कोणी आखूड करावयाची? त्यांनी स्वतःच.

मग मी ते सारे शिकावयास बसलो. पत्नी अंथरुणावरून सूचना देई, काही मी पुस्तकांत वाचले. सांगतो, कारण माझ्यासारखे अडाणी गृहस्थ वाचकांमध्ये आणखीही असतील.

पहिली गोष्ट, फ्रिज अन्नाचा काळ थांबवीत नाही, फक्त लांबवितो. आतले तापमान ४ अंश सेल्सिअस किंवा त्याखाली असावे. त्या थंडीत जंतू मरत नाहीत, त्यांची वाढ मंदावते. बाहेर काढले की ते पुन्हा कामाला लागतात. आपल्या देशात अजूनही निम्म्याहून अधिक घरांत फ्रिज नाही. चार दिवसांचे अन्न अशा घरात जाते तेव्हा त्याच्यापाशी एक रात्रही शिल्लक नसते. बाईंना हे पुस्तक न वाचता ठाऊक होते.

भात सर्वांत फसवा. त्यात राहणाऱ्या एका जंतूचे बीजाणू उकळूनही मरत नाहीत. भात कोमट अवस्थेत तासन् तास पडून राहिला की ते वाढतात आणि त्यांनी सोडलेले विष पुन्हा गरम करूनही जात नाही. म्हणून उरलेला भात पसरट ताटात मोकळा करून लवकर निववावा, तास-दोन तासांत आत ठेवावा आणि दुसऱ्या दिवशी संपवावा. मी तर मोठे पातेलेच्या पातेले ओट्यावर झोपेपर्यंत ठेवीत असे आणि मग तसेच फ्रिजमध्ये कोंबीत असे. मधला भात मध्यरात्रीपर्यंत ऊबदार राहत असेल. डाळ, उसळ, शिजविलेले मांस तीन-चार दिवस निभावते. त्यापुढे वासावर विश्वास ठेवू नये, कारण घातक जंतू पुष्कळदा वासाने सांगत नाहीत.

दाराचा कप्पा सर्वांत उबदार. तेथे आपण दूध ठेवतो. कच्चे मांस आणि मासळी झाकून अगदी खाली ठेवावी, म्हणजे तिचे पाणी खालच्या अन्नात गळत नाही. बटाटे आत ठेवू नयेत, थंडीत त्यांतील पिठूळपणाची साखर होते, कांदेही नकोत. सफरचंदे आणि पिकते टोमॅटो यांतून एक वायू निघतो, त्याने शेजारची पालेभाजी पिवळी पडते. पाव फ्रिजमध्ये बाहेरच्यापेक्षा लवकर वातड होतो. तो एक तर बाहेर ठेवावा किंवा थेट फ्रीझरमध्ये. कोथिंबीर निवडून, कोरडी करून कागदात गुंडाळली तर आठवडाभर टिकते, हे पत्नीने सांगितले आणि मी तिला विचारले की हे तू मला कधी बोलली नाहीस. ती म्हणाली, "तुम्ही कधी कोथिंबीर आणलीत?"

फ्रीझर ही निराळीच वस्तू. तेथे उणे १८ अंशांवर अन्न महिनोन् महिने सुरक्षित राहते, चव उतरते तेवढीच. मासळी हळू गोठली तर बर्फाचे मोठे खडे होऊन पेशींना भोके पडतात आणि वितळताना सारे सत्त्व पाणी होऊन जाते. म्हणून थोडे थोडे, पातळ थरात गोठवावे. क्लॅरेन्स बर्ड्सआय या अमेरिकन गृहस्थाने हे लॅब्राडोरमध्ये इन्युइट लोकांकडून शिकले. कडाक्याच्या वाऱ्यात क्षणात गोठलेली मासळी वितळल्यावर ताजीच लागते, हे त्यांना पिढ्यान् पिढ्या माहीत होते. वितळवावयाचे ते आदल्या रात्री खालच्या कप्प्यात, ओट्यावर नव्हे. फ्रिज गच्च भरू नये, थंड हवा फिरावी लागते; फ्रीझर मात्र भरलेलाच बरा. वीज गेली तर दार उघडू नये. भरलेला फ्रीझर सुमारे दोन दिवस तग धरतो, फ्रिज जेमतेम चार तास.

यात एक गोष्ट मी सर्वांत वर ठेवीन: डब्यावर तारीख. कागदी चिकटपट्टी आणि पेन, दोन्ही फ्रिजवरच ठेवावे. तारखेवाचून फ्रिज म्हणजे अन्नाचे अनाथालय. कोण कधी आले, कोणी सांगू शकत नाही. आणि देणाऱ्याला तारीख ठाऊक नसेल तर घेणाऱ्याच्या प्रश्नाला तो खरे उत्तर देऊच शकत नाही. मी 'चांगले आहे' म्हणालो, त्यात खोटे बोलण्याइतकीही माहिती माझ्यापाशी नव्हती.

मलाखीच्या पहिल्या अध्यायात देव याजकांना सुनावतो की आंधळी, लंगडी जनावरे तुम्ही माझ्या वेदीवर आणता. तीच तुमच्या प्रांताच्या अधिकाऱ्याला नेऊन देऊन पाहा, तो प्रसन्न होईल का! फ्रिज उघडताना मला हा अध्याय आठवतो. आपल्या घरी पाळकसाहेब जेवावयास आले तर चार दिवसांचा पुलाव आपण काढू का? नाही. मग तो काढण्यासारखा राहिलेलाच नव्हता, आणि टाकून देणे हेच प्रामाणिक होते. टाकण्याचे पाप टाळण्यासाठी तो दुसऱ्याच्या हाती सोपविला तर टाकलेच, फक्त तिच्या हातून टाकविले.

याउलट रूथचे उदाहरण पाहा. बवाजाच्या शेतात ती जेवावयास बसली, तृप्त होईपर्यंत जेवली आणि तिच्यापाशी उरले. ते तिने जपून ठेवले, संध्याकाळी घरी नेऊन सासूला दिले. ते उरलेलेच होते, पण उष्टे नव्हते आणि टाकलेले तर नव्हतेच. ती जेवत असतानाच सासू तिच्या मनात होती, असे मला वाटते. बवाजाचेही तसेच, त्याने शेवटी उरेल ते देऊ असे म्हटले नाही, पेंढ्यांतली कणसे आधीच मुद्दाम काढून टाकावयास गड्यांना सांगितले. लेवीयाच्या एकोणिसाव्या अध्यायातला शेताच्या कडेचा नियमही हाच आहे. गरिबाचा वाटा कापणीच्या आधी ठरतो. कोठार भरून वर आले की मग नव्हे.

पत्नी चालू-फिरू लागल्यावर आम्ही दोघांनी घरात थोडे बदल केले. जे द्यावयाचे ते ताटे वाढण्यापूर्वी वेगळे काढावयाचे. कालच्या पोळ्या दोघांनी वाटून खावयाच्या. याला तिचा सुरुवातीला विरोध होता, सवयीचा भाग. शनिवारी फ्रिज रिकामा करावयाचा. मोठा डबा कोणी आणला तर अर्धा त्याच दिवशी शेजारी. यात आम्ही नेहमी यशस्वी होतो असे नाही. गेल्या महिन्यात पालकाची एक जुडी मागे पडून चिखल झाली आणि मी ती कोणाला न दाखविता टाकली.

२०२४ च्या नाताळात बिर्याणी झाली तेव्हा बाईंचा वाटा आम्ही आधी काढला. पण त्या बहिणीच्या गावी गेल्या होत्या. म्हणून तो डबा निववून, वर तारीख घालून फ्रीझरमध्ये ठेवला. शेजारी आणखी एक डबा होता. तिसऱ्या दिवशी त्या आल्यावर मी दोन्ही पुढे ठेवले आणि वरच्या चिठ्ठ्या दाखविल्या. त्यांनी डबा फिरवून पाहिला आणि मान हलविली. मी देवनागरी अंकांत '२५-१२' लिहिले होते. त्यांना ते वाचता येत नव्हते. भाषांतर कोणासाठी, हा आमच्या व्यवसायातला पहिला प्रश्न मी तीस वर्षे इतरांना विचारीत आलो आहे. मी इंग्रजी अंकांत पुन्हा लिहून दिले आणि त्याच दिवसापासून फ्रीझरमध्ये आहे असे सांगितले. त्यांनी बोटांवर दिवस मोजले, बिर्याणीचा डबा पिशवीत घातला आणि दुसरा, ज्यात माझ्या हातची आमटी होती, तो काही न बोलता परत फ्रीझरमध्ये ठेवून दिला.